तिसऱ्या दगडाची सावली

चैतू, तुझंच खरं होतं. खजिन्याच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या लोकांनी जंगल पाहिलेलं नसतं. परवा शाळेतली फळी आवरताना त्यातली एक हाती लागली. सहज उघडली, तर नायक वैशाखातल्या भर दुपारी सागाच्या गर्द सावलीत घोडा बांधून विसावलेला. वैशाखात साग, आणि गर्द सावली! तू असतास तर पुस्तक मांडीवर पालथं घालून हसला असतास आणि म्हणाला असतास, "याले कोनी इथी आनून उभा करा जी. सागाले वैशाखात एक पान तं दाखव म्हना." मी नेहमीप्रमाणे लेखकाची बाजू घेतली असती आणि त्यात अर्धा तास गेला असता. आता बाजू कोणाची घ्यायची आणि कोणापुढे? पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिलो. हल्ली एकदा बसलो की उठवत नाही.

तू जाऊन तीन आठवडे झाले. तुझ्यावर चार शब्द लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही. गावाला विचारलं तर गुरुजीने लिहू नये असंच म्हणतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. माझ्या एका मूर्खपणाचं ओझं तू आठ पावसाळे वाहिलंस आणि मी ते वाहू दिलं. तू गेल्यावर तुझ्या नावाचा दगड कुठे उभा करायचा हा प्रश्न त्याच गोष्टीवर येऊन अडला. त्याबद्दलच सांगायचं आहे. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे एकदम मुद्द्यावर येता येत नाही, तुला आधी इकडचं तिकडचं लागायचं.

मी चांद्याहून इथे मास्तर होऊन आलो तेव्हा माझ्याआधीचे दोघे मास्तर पहिल्या पावसाळ्याच्या आत पळून गेले होते. गावात मराठी वाचता येणारे आपण दोघंच. तू जंगल खात्याचा नाकेदार, खाकी सदरा, खांद्याला कुऱ्हाड, आलापल्लीच्या लाकूड डेपोवर राहून मराठी बोलायला आणि वाचायला शिकलेला. माझी पेटी उतरवायला तूच हात लावलास. झाकण सैल होतं, वरची दोन पुस्तकं खाली पडली. तू एक उचलून त्याच्यावरचं चित्र पाहिलंस. किल्ला, मशाल, दाढीवाला राजा, एक उघडी पेटी.

"हे सरकारी आहे का गुरुजी?"

"नाही रे. गोष्टीचं आहे."

"मंग मले द्या," म्हणालास.

ते पुस्तक तू वीस दिवसांनी परत आणलंस. पान मुडपलेलं नाही, डाग नाही. फक्त कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. कादंबरीत जिथे जिथे 'एक रानटी धावत आला' किंवा 'दुसरा रानटी बाणाने कोसळला' असं होतं, तिथे तिथे तू नावं घातली होतीस. पेका, दोगे, लालसू, मासा. मी चिडलो, कारण पुस्तक चांद्याच्या वाचनालयाचं होतं. तू शांतपणे म्हणालास, "घोड्यालेही नाव आहे त्यात, गुरुजी. अन् एवढे लोक मेले, त्याईले काऊन नाई?" पुढे वाचनालयाचे चिटणीस माझ्यावर डाफरायचे, तुमच्या पुस्तकांवर कोण हे गिरगटतं म्हणून. मी गप्प बसायचो. गप्प बसण्यात मी आधीपासूनच पटाईत.

पर्लकोटा नदीला पूर आला की आपल्याला जगाशी काही देणंघेणं राहायचं नाही. चार महिने ना बस, ना टपाल. म्हणून मृगाच्या आधी मी चांद्याला जाऊन सहा कादंबऱ्या आणायचो. चिटणीस कुरकुरत का होईना, एकदम सहा द्यायचे. सहा पुस्तकांत चार महिने काढायचे म्हणजे हिशेबाने वाचावं लागे. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा लेखकाच्या चुका काढायला आणि तिसऱ्यांदा दुसरं काही नव्हतं म्हणून. तू ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायचास, शाळेच्या ओट्यावर, बाहेर पाणी कोसळत असायचं. दुष्ट प्रधानाची वाक्यं तू आपल्या रेंजर साहेबाच्या आवाजात म्हणायचास. ताम्रपटावरचं कोडं आलं की थांबायचास आणि आपण दोघं ते सोडवायला बसायचो. भुयाराचं तोंड कुठे, पूर्वेला बारा पावलं म्हणजे नेमकं कुठून, नाग खरा की नुसता दगडात कोरलेला. तुझ्याइतका चांगला वाचक मला चांद्यातही भेटला नव्हता. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही, आज म्हणतो.

आपलं भांडण मात्र एकच, नऊ वर्षं चाललेलं. तुझं म्हणणं असं की ही सगळी पुस्तकं खोटी. "खजिना आमच्या राजाचा, जंगल आमचं, रस्ता आमच्या मानसानं दाखवला, अन् सापडते कोनाले? पुन्याच्या पोऱ्याले. असं कसं जी?" मी म्हणायचो की अरे, गोष्ट आहे ती. तू म्हणायचास, गोष्ट असली म्हणून काय झालं. मला तेव्हा वाटायचं तुला कल्पनाशक्ती कमी. मी चांद्याचा, परकोटाच्या आत वाढलेला. किल्ल्यातून नदीपर्यंत भुयार आहे आणि त्यात गोंड राजांचं सोनं आहे, हे आम्ही पोरं दुधासोबत प्यालो होतो. माझा त्यावर विश्वास होता. अंगात मास्तराचा सदरा चढला तरी तो गेला नव्हता.

आता त्या एप्रिलकडे यावंच लागेल. मला इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. तू जंगलातल्या आगींमुळे पंधरा पंधरा दिवस घरी नसायचास. शाळा सकाळची, साडेदहाला सुटायची. त्यानंतर मला काही काम नसे. तेव्हा जी कादंबरी चालू होती तिच्यात कोडं होतं ते पाच उभ्या दगडांचं. माळावर ओळीने पाच दगड, मध्यान्हीला तिसऱ्या दगडाची सावली जिथे पडेल तिथे राजाचं धन. तू जाण्याआधी त्या कोड्याची भरपूर टिंगल केली होतीस. "उन्हाळ्यात दुपारी सावली दगडाच्या पायातच राह्यते. मंग काय दगडाखाली खोदन का हा?" असं म्हणाला होतास. तू थट्टेने बोललास आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. सावली पायात, म्हणजे धन पायात.

नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडांच्या पुढे, उतारावर ओळीने उभे दगड होते. मी ते लांबून पाहिले होते. दीड वर्षात कोणाला एकदाही विचारलं नव्हतं की ते कसले आहेत. दहा पोरं रोज समोर बसायची, एकालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण मला ते विचारायचं नव्हतं. मला तुला हरवायचं होतं. तू परत यावास आणि मी तुझ्यापुढे राजाची एखादी मोहोर टाकून म्हणावं, बोल आता, पुस्तकं खोटी का? एवढ्यासाठी मी शाळेची झाडं लावायची कुदळ खांद्यावर घेऊन, काखेत कादंबरी मारून, भर उन्हात तिकडे गेलो. तिसावं उलटलेला, शिकलासवरलेला माणूस.

दगड मोजले. लहानमोठे बरेच होते, पण सरळ ओळीत पाच. तिसऱ्याची सावली वीतभर, त्याच्या बुडाशीच पडलेली. मी तिथे खणायला लागलो. तासाभरात गुडघाभर खड्डा झाला. मग दगड थोडा हलला, मी मागे सरलो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत कलला, खालच्या कातळावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. खड्ड्यात एका फुटक्या मडक्याच्या खापऱ्या आणि एक पितळी कडं होतं, मातीने काळं पडलेलं. मी ते हातात घेतलं. मापाने ते एखाद्या माणसाच्या मनगटात बसेल असं होतं. राजाचं नव्हतं. तेवढं मला तेव्हाही कळलं.

आणि तेवढ्यात तू आलास. आग विझवून जवळच्या वाटेने घरी निघाला होतास, तोंडाला राख, पाय भाजलेले. तू आधी दगडाकडे पाहिलंस, मग खड्ड्याकडे, मग कुदळीकडे, मग जमिनीवर पडलेल्या कादंबरीकडे. माझ्याकडे सगळ्यात शेवटी. तू खाली बसलास. माझ्या हातातलं कडं काढून घेतलंस, सदऱ्याला पुसलंस.

"हे पुस्तकातलं नाई, गुरुजी," तू म्हणालास. "हा माहा बा आहे."

माणूस गेला की त्याच्या नावाने इथे दगड रोवतात, तो दगड म्हणजेच तो माणूस, हे मला त्या दिवशी कळलं. तू एक थोबाडीत दिली असतीस, शिव्या घातल्या असत्यास, तर बरं झालं असतं. तू कडं परत खड्ड्यात ठेवलंस, खापऱ्या ठेवल्यास, हातांनी माती लोटलीस. मी मदतीला वाकलो तर तू नुसता हात आडवा धरलास. मग विचारलंस, "कोनी पाह्यलं?"

"नाही."

"मंग आयका. मी सांगतो का मीच पाडला. आग अडवाचा पट्टा साफ करता करता पडला म्हनून. सरकारचं काम होतं म्हनून."

मी नको म्हणालो. म्हणालो असेन. नक्की आठवत नाही, आणि म्हणालो असेन तरी फार हट्टाने नाही.

"तुमचं नाव सांगतलं तं उद्यापासून एक पोरगं तुमच्यापुढं नाई बसनार. दोन मास्तर पळाले, तिसरा गेला तं चौथा कोन येते इथी? माही कमली आता कुठी अक्षर जोडून राह्यली." तू उठलास. "माह्या बाले वाचता येत नोहतं गुरुजी. त्याले चालन."

दुसऱ्या दिवशी तू गावापुढे उभा राहिलास. भूमिया म्हणजे आपल्या गावचा वडीलधारा, ज्याच्या शब्दाबाहेर गाव जात नाही, तो मधे बसला होता. तू गोंडीत बोललास. मला त्यातला 'सरकार' हा एकच शब्द कळला. मी मूग गिळून शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतो. गावाने ऐकलं ते असं की चैतूने साहेबाच्या हुकमासाठी स्वतःच्या बापाचा दगड पाडला. तू गावाला जेवण घातलंस, नवा दगड आणून उभा केलास, मान खाली घालून जे जे सांगितलं ते सगळं केलंस. तरी भूमिया शेवटी जे बोलला ते तूच मला नंतर मराठीत सांगितलंस, जसं काही दुसऱ्या कोणाचं असावं तसं. ज्याने ओळ मोडली त्याला ओळीत जागा नाही. तो मरेल तेव्हा त्याचा दगड नाल्याच्या अलीकडे.

आठवड्याने तू शाळेत आलास. मला वाटलं आता तोडशील. तू दारातच विचारलंस, "त्या गोष्टीचं पुढं काय झालं?"

"मी वाचली नाही पुढे."

"इतकं करून शेवट नाई पाह्यला?" तू फळीवरून पुस्तक काढलंस आणि ओट्यावर बसून स्वतःच शेवट वाचलास. "सापडला म्हनते. तिसऱ्या दगडाखालीच." आणि तू हसलास. मला हसू आलं नाही, पण त्या हसण्याचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. त्या पावसाळ्यात पुन्हा सहा कादंबऱ्या आल्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही.

दरवर्षी नवं धान्य खायच्या दिवशी गाव एकत्र बसायचं. मला भूमियाच्या शेजारी पाट, गुरुजी म्हणून. तुला सगळ्यांत शेवटी, बांधाला पाठ लावून. पहिल्या वर्षी तुझ्याकडे पाहताना घास उतरला नाही. तिसऱ्या वर्षी उतरला. पाचव्या वर्षी मी भात पुन्हा मागून घेतला. लाजेचीही माणसाला सवय होते. मधूनमधून मला तुझा रागही यायचा. इतकं मोठं काहीतरी तू माझ्या गळ्यात बांधलंस आणि वर कधी त्याचा उच्चार करत नाहीस, म्हणजे मी आयुष्यभर तुझ्याखाली राहायचं, असं वाटायचं. तू मला माफ केलं होतंस का? नऊ वर्षांत हजार कोडी आपण मिळून सोडवली आणि हे मी विचारलं नाही. तू मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणालास. एकदा जरी 'अरे' म्हणाला असतास तर कदाचित धीर झाला असता. नाही, हे मी उगाच तुझ्यावर ढकलतो आहे. धीर माझा नव्हता.

कमली चौथी पास झाली आणि तू तिला अहेरीच्या शाळेत घालायला निघालास त्या दिवशी मी सुरुवात केली होती. "चैतू, तो दगड..." एवढंच म्हणालो. तू बैलगाडीला टेकून उभा होतास. "सोडा नं गुरुजी," म्हणालास, "येताना चांद्याले जानं जमलं तं कोनती आनू?" मी एका कादंबरीचं नाव सांगितलं. जीव भांड्यात पडला होता माझा. तुझ्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

आणि शेवटचा ताप. पूर ओसरला नव्हता, तुला खाटेवर घालून नदीपलीकडे दवाखान्यात नेता येत नव्हतं. मी रोज शाळा सुटल्यावर येऊन बसायचो. तू म्हणालास वाचा, तर मी वाचू लागलो. यंदाच्या सहातली चौथी. नायक तळघरात उतरला होता. मी मधेच थांबलो. मला सांगायचं होतं की चैतू, मी उद्याच्या उद्या गावाला खरं सांगतो, तू फक्त बरा हो. वाक्य तयार होतं, ओठावर होतं. तू डोळे मिटूनच म्हणालास, "थांबून काऊन राह्यले? वाचा नं." मी वाचलं. तळघरात काय होतं ते तुला कळलं की नाही, ठाऊक नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

पूर ओसरला, दगडाची बैठक बसली तेव्हा कमली अहेरीहून आलेली होती. तुझी कमली आता नववीत आहे, उंच झाली आहे, चालते अगदी तुझ्यासारखी. बाबाचा दगड आजोबांच्या बाजूला हवा असं ती म्हणाली. भूमिया थकला आहे आता, डोळ्यांनी अधू. त्याने हळू आवाजात तेच सांगितलं. ओळ मोडणारा ओळीत नाही. कोणी वाद घातला नाही. कमलीने दोनदा विचारलं, मग खाली बसली. मी तिथेच होतो. आणि चैतू, तू गेल्यावर, तुझ्या लेकीसमोर, मी त्या दिवशीही गप्प राहिलो. घरी येऊन चूल पेटवली, भात केला आणि तो तसाच ठेवला.

सकाळी शाळा उघडली. बत्तीस पोरं आली. आता बत्तीस आहेत, तुला माहीतच होतं. ती पाढे म्हणू लागली आणि मला तो आवाज ऐकवेना. हे सगळं तुझ्या पाठीवर उभं आहे असं वाटलं. पोरांना सोडून दिलं आणि बैठकीच्या जागी गेलो. दगड आणायला कोण जाणार हे ठरवायला गाव पुन्हा बसलं होतं, माणसं उठायच्या बेतात होती. मी भूमियासमोर उभा राहून बोलायला सुरुवात केली. नऊ वर्षांत माझी गोंडी पाणी आण, बस, उद्या ये, एवढ्यावरच राहिली आहे. दोन वाक्यांत अडलो. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग मी मराठीत म्हणालो, "कमली, तू सांग त्यांना. चैतूच्या बापाचा दगड चैतूने नाही पाडला. मी पाडला. पुस्तकात वाचलं होतं की खाली सोनं आहे."

ती उठली. माझं वाक्य तिने गोंडीत सांगितलं. पहिला भाग सांगितला आणि थांबली. मग पुस्तकाचा भाग सांगितला. तिचा आवाज हलला नाही. कोणी ओरडलं नाही. एका बाईने तोंडावर पदर धरला. भूमियाने काहीतरी विचारलं. कमली माझ्याकडे न पाहता म्हणाली, "विचारून राह्यले का आतापर्यंत सांगतलं काऊन नाई."

"भ्यालो," मी म्हणालो. "शाळा बंद पडून तुझं शिकणं थांबेल म्हणून चैतूने ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं." तेही तिने सांगितलं.

मग ती माझ्याकडे वळली आणि हे तिने मराठीतच विचारलं. "बाबानं मले शिकवाले खोटं सांगतलं. मी शिकली. अन् पयलं मोठं काम हेच पडलं माह्या वाट्याले? याच्यासाठी शिकवलं का गुरुजी मले?" तिला उत्तर नको होतं. ती जाऊन बायकांमध्ये बसली.

काल तुझा दगड उभा राहिला. गावातल्या माणसांनी डोंगरातून आणला, काळा, तुझ्या छातीएवढा उंच. तुझ्या बापाच्या डाव्या हाताला. मी हात लावायला पुढे झालो नाही, मला कोणी बोलावलंही नाही. नाल्याच्या अलीकडे उभा राहून पाहिलं. माती भरल्यावर भूमियाने दोन्ही हातांनी दगड चाचपला, वरून खालपर्यंत, आणि तुझं नाव घेतलं. सगळ्यांनी घेतलं. तेवढं मला कळलं, त्याला भाषा लागत नाही.

आज सोमवार आहे. सातला शाळा उघडली, फळा पुसला, वार लिहिला. आता अकरा वाजून गेले. एकही पोर आलं नाही. उद्याही येणार नाही, तू मला हे स्पष्ट सांगितलं होतंस. समोरच्या वाटेने आत्ता दोन मुली गेल्या, माझ्याच तिसरीतल्या. त्यांनी इकडे पाहिलं आणि पाय उचलले. अधिकाऱ्यांना बदलीचं पत्र लिहून ठेवलं आहे. माझ्या जागी कोणी लवकर पाठवा, ही शाळा बंद पडू देऊ नका, असंही त्यात लिहिलं आहे. पाठवतील की नाही, मला सांगता येत नाही. मी दमलो आहे रे.

या सगळ्याचं मला वाईट वाटत नाही, असं लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. वाटतं, चैतू, फार वाटतं. समोर बत्तीस जागा रिकाम्या आहेत आणि तू ओळीत उभा आहेस.